भाकर, चूल आणि कुटुंब : मेडशी परिसरातील वऱ्हाडी घरगुती स्वयंपाक

अकोल्याहून वाशिमकडे निघाल्यावर पातूर मागे पडते आणि रस्ता हळूहळू डोंगर चढू लागतो. दोन्ही बाजूंना सागाचे व पळसाचे रान दिसते आणि मग पठार सुरू होते. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील मेडशी हे गाव याच वाटेवर आहे. वऱ्हाडचे पूर्वापार दोन भाग मानले जातात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील सपाट, काळ्या मातीचा प्रदेश म्हणजे पयनघाट आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठारी प्रदेश म्हणजे बालाघाट. मेडशी या दोहोंच्या उंबरठ्यावर वसलेली आहे. त्यामुळे येथील स्वयंपाकघरात काळ्या मातीतील ज्वारी-तूर आणि पठारावरील हलक्या जमिनीतील उडीद, मूग, तीळ, जवस अशी दोन्हीकडची धान्ये पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली.

इंग्रजी राजवटीत वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोला जिल्ह्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा करण्यात आला. प्रशासनाच्या सीमा अशा बदलत गेल्या तरी ताटातील वऱ्हाड मात्र एकच राहिले. नागपूरकडील सावजी रस्से आणि शहरांतील ‘वऱ्हाडी थाळी’ यांमुळे विदर्भाचे जेवण म्हणजे तिखट आणि तेलाचा तवंग अशी समजूत रूढ झाली आहे. घरातील रोजचे जेवण याहून पुष्कळ साधे असते. कोरडवाहू शेती, मर्यादित पैसा आणि मोठे कुटुंब या तीन गोष्टींनी त्याला आकार दिला आहे. या जेवणाचा विचार करताना पदार्थांच्या यादीबरोबर ते कोण रांधते, कोण आधी जेवते, कोणत्या दिवशी कोणाला बोलावले जाते आणि धान्य कोठून येते, हेही पाहावे लागते.

ज्वारीचे घर

वऱ्हाडातील जेवणाचा पाया ज्वारी हा आहे. पूर्व विदर्भात भात हे मुख्य अन्न, तर वऱ्हाडात तांदूळ हे अनेक पिढ्या सणासुदीचे आणि पाहुण्यांचे धान्य होते. गव्हाची पोळीही रोजची नव्हती. खरिपातील ज्वारी दसरा-दिवाळीच्या सुमारास कणसात भरे, पुढे खळ्यात मळली जाई आणि वर्षाची बेगमी म्हणून कणगीत, कोठीत किंवा जमिनीखालच्या पेवात साठवली जाई. दाणा माणसांना आणि कडबा गुरांना, अशी एकाच पिकाची वाटणी होती. गुरांमुळे दूध, ताक व तूप घरात येई, तर शेणाच्या गोवऱ्या चुलीत जात. अशा रीतीने ज्वारीच्या एका पिकावर शेत, गोठा आणि चूल ही तिन्ही चालत.

ज्वारीची भाकरी थापणे हे कौशल्याचे काम आहे. गव्हाच्या कणकेला ताण देणारा चिकट अंश ज्वारीत नसतो. त्यामुळे पीठ गरम पाण्यात मळावे लागते. गरम पाण्याने पिठातील स्टार्च फुलते आणि त्याला धरबंद येतो. पीठ जुने असेल तर भाकरीला चिरा पडतात, म्हणून दळण थोडे आणि ताजे आणावे लागते. काठवटीत किंवा परातीत तळहाताने गोळा फिरवीत थापायचा, तव्यावर टाकून वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, उलटायचा आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभा करून शेकायचा, असा हा क्रम आहे. भाकरी टम्म फुगली म्हणजे तिचा पापुद्रा सुटला. ही सारी कृती मुली आईच्या शेजारी बसून, हात भाजवून घेत शिकत. तिचे माप कोणी वजनात सांगत नाही. ‘पाण्याला हात लावून पाहावा’ एवढेच सांगितले जाते.

उडीद मिसळून दळलेल्या ज्वारीच्या पिठाची कळण्याची भाकरी हा वऱ्हाड-खानदेशातील समान वारसा आहे. ज्वारी भरडून केलेल्या कण्या ताकाबरोबर खाल्ल्या जातात. आजारी माणसाला, बाळंतिणीला आणि दात नसलेल्या वृद्धांना तेच धान्य वेगवेगळ्या रूपांत मिळे. एका घरातील चार वयांच्या चार गरजा एकाच धान्याने भागविण्याची ही युक्ती होती.

कोरड्यास

भाकरीबरोबर जे खायचे त्याला वऱ्हाडात ‘कोरड्यास’ म्हणतात. रोजचे कोरड्यास ऋतू ठरवीत असे. पावसाळ्यात अंबाडी, तरोटा, घोळ, चिवळ अशा पालेभाज्या मिळत. त्यांपैकी कित्येक न पेरता उगवत. आंबट अंबाडी शिजवून तिला ज्वारीच्या कण्या किंवा डाळ लावली जाते आणि वरून लसणाची फोडणी दिली जाते. पातळ भाजीला हरभऱ्याचे पीठ लावून दाट करण्याला ‘आळण’ म्हणतात. थोड्या भाजीत मोठे कुटुंब जेववण्याचा तो उपाय होता. अंबाडीच्या लाल बोंडांचे सरबत व चटणीही केली जाते.

हिवाळ्यात वांगी, तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचा पाला आणि मेथी ही भाज्यांची श्रीमंती असते. उन्हाळ्यात भाज्या संपल्या की वाळवलेले सांडगे, वाळलेला हरभऱ्याचा पाला, डाळी आणि पिठले यांवर भागवावे लागे. पिठल्याला वऱ्हाडात सरसकट ‘बेसन’ म्हटले जाते. पाहुणा अवेळी आला तरी डब्यात हरभऱ्याचे पीठ असेल तर घराची लाज राखली जाई. जवस, तीळ, कारळ आणि शेंगदाणे यांच्या कोरड्या चटण्या, मिरचीचा ठेचा आणि कांदा ही शिदोरीची सोय होती. शेतावर जाणाऱ्या फडक्यात भाकरीच्या चवडीवर हेच बांधलेले असे.

तेल गावच्या किंवा जवळच्या बाजारगावच्या घाण्यावरून येई. जवस, तीळ व करडी यांचे तेल घरच्या धान्यातून काढून घेतले जाई. शेतातील पीक आणि कढईतील तेल यांचा असा थेट संबंध होता. पुढील बदलांचा विचार करताना ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

पुरुषांच्या हातचे रोडगे

घरातील चूल बाईची, परंतु रोडग्यांची आगटी बहुधा पुरुषांची, अशी वऱ्हाडात रूढी आहे. रोडगे घरात होत नाहीत. शेतात, मळ्यात किंवा गावाबाहेरील देवस्थानाजवळ ते केले जातात. नवस फेडणे, शेतातील देवाला नैवेद्य दाखविणे, पाऊस लांबल्यास देवाला साकडे घालणे किंवा नुसतेच मित्रमंडळींनी एकत्र येणे, ही त्यांची निमित्ते असतात.

गव्हाचे जाडसर पीठ तेलाचे मोहन, मीठ आणि ओवा घालून घट्ट मळतात. त्याच्या लाट्यांना तेल लावून एकावर एक थर देतात आणि मोठे गोळे वळतात. शेणाच्या गोवऱ्या पेटवून त्यांचा धूर जाऊ देतात. निखारे झाले की गोळे त्यावर भाजून घेतात आणि मग गरम राखेत पुरून ठेवतात. आच मंद असल्याने गोळा आतपर्यंत शिजतो. बाहेर काढल्यावर फडक्याने राख झटकून तो फोडतात आणि वर तूप सोडतात. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि तुरीचे वरण असते. पळसाच्या पानांत पीठ गुंडाळून भाजल्यास त्यांना पानगे म्हणतात. ताटांऐवजी पळसाच्याच पत्रावळी असतात.

रोडग्यांच्या पंगतीत घरच्या जेवणाची उतरंड सैल होते. सासरा पीठ मळतो, जावई गोवऱ्या रचतो, मुले पाणी आणतात. स्त्रियांना त्या दिवशी चुलीपासून सुटका मिळते, निदान काही घरांत तरी. मात्र वांगी चिरणे, भांडी घासणे आणि मुलांना सांभाळणे हे काम त्यांच्याकडेच राहते, हेही खरे.

उन्हाळ्यातील सामुदायिक श्रम

चैत्र-वैशाखात शेतीची कामे थांबतात आणि घराघरांत वाळवणे सुरू होतात. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून वाटले जातात. गाळून मिळालेला पांढरा चीक मिठाच्या उकळत्या पाण्यात घोटून शिजवतात आणि सोऱ्यातून खाटेवरील कापडावर पाडतात. ज्वारी-बाजरीच्या खारोड्या, उडदाचे पापड, मुगाचे सांडगे, शेवया आणि सरगुंडे अशी ही रांग असते. सरगुंडे हा विदर्भाचा खास पदार्थ आहे. गव्हाच्या घट्ट कणकेची बारीक वळी काडीभोवती गुंडाळून, अलगद सोडवून वाळवली जाते. शिजवल्यावर ते आंब्याच्या रसाबरोबर किंवा दूध-गुळाबरोबर वाढतात. जावई आणि व्याही आले की सरगुंडे हवेतच.

ही कामे एकटीने होत नाहीत. आज एकीच्या अंगणात, उद्या दुसरीच्या, अशी पाळी लागते. पैसे कोणी कोणाला देत नाही. हाताची परतफेड हाताने होते. नवी सून शेजारणींना याच अंगणात ओळखू लागते. कोणाच्या घरी काय चालले आहे, कोणाच्या मुलीला स्थळ आले आहे, कोणाला मदत हवी आहे, हे सोऱ्या फिरवतानाच कळते. डब्यात भरून ठेवलेल्या या वस्तू पावसाळ्यातील भाजीटंचाईची सोय असतात, तशाच लेकीच्या सासरी जाणारी शिदोरीही असतात. माहेराहून आलेल्या कुरडयांच्या डब्यावरून सासरी तिचा मान ठरे, इतके त्यांचे मोल होते.

सण आणि नात्यांचे ताट

वऱ्हाडातील सणांचे पदार्थ नीट पाहिले तर प्रत्येक सण घरातील एखाद्या नात्याचा मान राखतो असे दिसते. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखजीला, पितरांचे स्मरण होते. पाण्याने भरलेली मातीची घागर पुजली जाते आणि चिंच-गुळाची चिंचवणी, नव्या कुरडया, पापड यांसह पुरणाचा नैवेद्य दाखविला जातो. मे महिन्याच्या उन्हात पूर्वजांना थंड पाणी आणि आंबट-गोड पेय देण्यात ऋतूची जाण आहे.

श्रावण अमावस्येचा पोळा बैलांचा आहे. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे रीतसर आवतण देतात. पोळ्याला त्यांना पुरणपोळीचा घास भरवल्यावर घरचे जेवतात. ज्याच्या श्रमावर धान्य पिकले त्याने आधी जेवावे, असा तो संकेत आहे. ट्रॅक्टर आल्यावर बैलजोड्या कमी झाल्या, तरी ज्या घरी बैल नाहीत तेथेही मातीच्या बैलांना नैवेद्य दाखविला जातो.

भाद्रपदातील ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींना वऱ्हाडात ‘महालक्ष्मी’ म्हणतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर जेवण आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन असा तीन दिवसांचा हा कुळाचार असतो. अनेक घरांत देवीचे मुखवटे धान्याने भरलेल्या कोठ्यांवर बसवतात. देवीच्या पोटात धान्य असावे, ही कल्पना शेतकरी घरालाच सुचू शकते. नैवेद्याला पुरणपोळी, ज्वारीची आंबील, कढी आणि सोळा भाज्या असतात. वर टांगायचा करंज्या-पापड्यांचा फुलोरा वेगळाच. पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेले भाऊ दिवाळीपेक्षा या सणाला आवर्जून गावी येतात. वाटण्या होऊन चुली वेगळ्या झालेल्या भावांच्या घरी महालक्ष्मी मात्र बहुधा एकाच ठिकाणी बसते आणि सर्व जावा एका स्वयंपाकघरात येतात.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुलींचा भुलाबाईचा सण चालतो. संध्याकाळी घरोघर गाणी म्हटली जातात आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. झाकलेल्या डब्यात काय आहे हे मुलींनी आंबट, गोड, तिखट असे प्रश्न विचारीत ओळखायचे. आई मुद्दाम न ओळखता येईल असा पदार्थ करते. कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई बसते. चव, वास आणि घटकपदार्थ यांचे शिक्षण मुलींना या खेळातून नकळत मिळत असे.

अन्न आणि संतपरंपरा

वऱ्हाडातील अन्नविचारावर दोन सत्पुरुषांची गडद छाया आहे. शेगावचे गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी प्रथम दिसले, ते देविदास पातुरकर यांच्या घरासमोर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचून खाताना, असे दासगणूंनी लिहिलेल्या चरित्रात सांगितले आहे. अन्नाचा कण वाया घालवू नये, ही शिकवण या प्रसंगातून वऱ्हाडच्या घराघरांत पोहोचली. माघ वद्य सप्तमीच्या प्रकटदिनी आजही पिठले-भाकरी, अंबाडीची भाजी, कांदा आणि मिरची असा नैवेद्य केला जातो. कष्टकऱ्याचे रोजचे जेवण तेथे देवाचे जेवण होते.

दुसरे गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकरांनी आपल्या मुलीच्या बारशाला रूढीप्रमाणे दारू-मटणाचे जेवण न देता गोडाचे जेवण दिले, असे त्यांच्या चरित्रांत आढळते. कर्ज काढून सण करू नये, देवापुढे पशुबळी देऊ नये आणि भुकेल्याला अन्न द्यावे, हे त्यांच्या कीर्तनांतील सूत्र होते. लग्न-तेराव्याच्या जेवणावळींपायी कर्जबाजारी होणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला हा उपदेश नेमका लागू पडणारा होता.

एका गावातील अनेक चुली

वऱ्हाडी स्वयंपाक हा एकजिनसी नाही. मालेगाव तालुक्यातील शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे जैन तीर्थक्षेत्र आहे. तेथील जैन घरांत कंदमुळे वर्ज्य आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण हा नेम असतो. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. जिल्ह्यातील तांड्यांवर ज्वारीची जाड रोटी, गव्हाची लापशी आणि मटणाचे पदार्थ यांची स्वतंत्र परंपरा आहे. डोंगरपट्ट्यातील आंध आदिवासी कुटुंबांना रानभाज्या, कंद आणि मोहफुले यांचे ज्ञान आहे. मुस्लिम घरांतील सालन ज्वारीच्या भाकरीबरोबरच खाल्ले जाते. मातीतले धान्य सर्वांचे सारखे होते, मसाल्यांचे प्रमाण आणि निषेध मात्र वेगवेगळे होते.

या विविधतेला विषमतेचीही बाजू होती. पंगती जातीनुसार बसत. काहींच्या वाट्याला पंगत येई, तर काहींच्या वाट्याला दूर ठेवलेले वाढप. पाणवठा आणि चूल ही अस्पृश्यतेची सर्वांत कठोर ठिकाणे होती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वऱ्हाडातील असंख्य कुटुंबांनी सक्तीची गावकामे आणि त्यांच्या मोबदल्यात मिळणारी शिळी भाकर नाकारली. ‘भाकर मागून खाणार नाही’ हा निर्णय स्वयंपाकाच्या इतिहासातही नोंदला गेला पाहिजे.

शेवटचे ताट

परंपरेविषयी लिहिताना तिच्यामागील श्रम विसरले जातात. पिठाची गिरणी येण्यापूर्वी घरातील स्त्रीचा दिवस पहाटे जात्यावर सुरू होई. दहा-बारा माणसांच्या कुटुंबाला लागणारे पीठ हाताने दळणे, विहिरीवरून पाणी आणणे, सरपण गोळा करणे आणि धुरात बसून भाकरी थापणे, हे शेतमजुरीच्या आधीचे काम होते. आधी पुरुष व मुले, मग वडीलधाऱ्या स्त्रिया आणि शेवटी सून, असा जेवण्याचा क्रम होता. भाजी संपली तर शेवटचीने चटणी-भाकर खायची, ती उरली नाही तर पाणी प्यायचे, हे कित्येक घरांत गृहीत धरले जाई. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या वऱ्हाडी कादंबरीतील कौतिकचा सारा संघर्ष कुटुंबाच्या पोटाभोवती फिरतो, तो उगाच नव्हे.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याला अनेक कारणे आहेत, परंतु ताटाचा क्रम आणि ताटातील जिन्नस ही त्यांपैकी दोन होत. ‘पूर्वीचे जेवण सकस होते’ असे म्हणताना ते सर्वांना सारखे मिळत होते का, हे विचारणे म्हणूनच आवश्यक आहे.

टंचाईच्या आठवणीही या स्वयंपाकात मुरलेल्या आहेत. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेला मिलो आणि केंद्रांवर वाटली जाणारी सुकडी महाराष्ट्रातील खेड्यांनी खाल्ली. त्या पिढीतील आजी भाकरीचा तुकडा टाकू देत नाही, याचे कारण केवळ संस्कार नव्हे.

शेत आणि ताट यांची फारकत

गेल्या पन्नास-साठ वर्षांत या स्वयंपाकाचा पायाच हलला. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण प्रसारित झाले. उत्पादन वाढले, पण कमी मुदतीची ही संकरित ज्वारी पाऊस पूर्ण थांबण्यापूर्वीच पक्व होऊ लागली. ओल लागल्याने दाणा बुरशीने काळा पडे आणि भाव कोसळे. जुनी उंच गावरान ज्वारी पाऊस संपल्यावर भरत असल्याने हे संकट तिच्यावर कमी येई. त्यात पाखरे आणि रानडुकरे यांचा उपद्रव आणि मळणीचे वाढते श्रम यांची भर पडली.

ही पोकळी सोयाबीनने भरून काढली. सुमारे शंभर दिवसांत निघणारे, रोख पैसा देणारे आणि नंतर हरभऱ्यासाठी रान मोकळे करणारे हे पीक १९९० नंतर विदर्भात झपाट्याने पसरले. १९९४ मध्ये प्रसारित झालेल्या जेएस-३३५ या वाणाने त्याला मोठा हात दिला. वाशिम हा आज महाराष्ट्रातील सोयाबीनच्या प्रमुख जिल्ह्यांपैकी एक आहे. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, मुलांची शिक्षणे झाली, पक्की घरे उभी राहिली, हे नाकारता येणार नाही.

मात्र सोयाबीन शेतकऱ्याच्या चुलीवर शिजत नाही. ते बाजारात जाते आणि तेथून पिशवीबंद तेल होऊन परत येते. घरच्या जवसाचे तेल गेले, कडबा गेला, त्याबरोबर गुरे कमी झाली आणि गुरांबरोबर घरचे ताक-तूप व गोवऱ्याही. शिधावाटपातून गहू-तांदूळ मिळू लागल्याने पोळी-भात रोजचा झाला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे धान्य नाममात्र दरात आणि जानेवारी २०२३ पासून मोफत मिळू लागले. भुकेचे भय त्यामुळे घटले. एकेकाळी गरिबाचे अन्न असलेली ज्वारी मात्र आता विकत घ्यावी लागते आणि अनेकदा ती गव्हापेक्षा महाग पडते. शंभर वर्षांपूर्वीच्या ताटाची ही पूर्ण उलटापालट आहे.

उज्ज्वला योजनेतून २०१६ नंतर गॅसजोडण्या वाढल्या आणि धुराचा त्रास कमी झाला. सिलिंडर परवडत नाही तेव्हा चूल पुन्हा पेटते. म्हणून अनेक घरांत चहा-भाजी गॅसवर आणि भाकरी चुलीवर अशी विभागणी झालेली दिसते.

लिहिलेले आणि न लिहिलेले

मराठीत पाकशास्त्राची पुस्तके फार पूर्वीपासून आहेत. ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये आले. शहरी, लहान कुटुंबातील नव्या गृहिणीला या पुस्तकांनी आईची जागा भरून दिली. वऱ्हाडी घरगुती स्वयंपाक मात्र प्रामुख्याने तोंडी राहिला. एकत्र कुटुंब असेपर्यंत त्यात काही बिघडले नाही, कारण शिकवणारी शेजारीच बसलेली असे. मुली शिक्षणासाठी अकोला, अमरावती, पुणे येथे गेल्या आणि हा दुवा सुटू लागला. सरगुंडे वळणारे हात आता बहुधा साठीच्या पुढचे असतात.

जगात इतरत्रही हेच घडले आहे. रशियातील खेड्यांत विटांच्या मोठ्या भट्टीवर घराचे सारे जीवन चाले. राईचा काळा पाव, कोबीचे सूप आणि भरड धान्याची लापशी हे तेथील रोजचे अन्न होते आणि पाहुण्याचे स्वागत पाव-मिठाने होई, जसे आपल्याकडे गूळ-पाण्याने होते. शहरीकरणाने ती भट्टी गेली, परंतु हिवाळ्यासाठी लोणची घालण्याची आणि सणाला कुटुंबाने एकत्र रांधण्याची रीत तेथे टिकली. भांडी आणि इंधन बदलले तरी एकत्र रांधण्याचे निमित्त राहिले तर स्वयंपाक टिकतो, असा याचा अर्थ घेता येईल.

वऱ्हाडातही तशी चिन्हे आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि शहरांत ज्वारीला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली. महिला बचत गट खारोड्या, कुरडया, पापड आणि चटण्या विकू लागले. ज्या श्रमाला घरात कधी दाम नव्हता, त्याला बाजारात तो मिळू लागला, ही गोष्ट लहान नाही. महामार्गावरील ढाब्यांवर ‘चुलीवरची भाकर’ ही पाटी झळकते. मात्र पाटीवरची भाकर आणि घरातली भाकर यांत एक फरक राहतो. ढाब्यावरची भाकर पैसे देणाऱ्याला मिळते. घरातली भाकर कोणाला आधी, कोणाला नंतर आणि कोणासाठी झाकून ठेवायची, याचा विचार करून केलेली असते.

वऱ्हाडी स्वयंपाक जपायचा असेल तर केवळ पाककृती लिहून भागणार नाही. काही एकरांत का होईना ज्वारी, जवस आणि अंबाडी पुन्हा पेरली गेली पाहिजे, त्यांना भाव मिळाला पाहिजे आणि भाकरी थापण्याचे कौशल्य मुलींइतकेच मुलांनाही आले पाहिजे. रोडगे भाजता येणाऱ्या पुरुषांना ते अवघड जाऊ नये. रात्री उशिरा शेतातून येणाऱ्यासाठी टोपलीत भाकर झाकून ठेवण्याची रीत मेडशीसारख्या गावांत अजून आहे. ती ठेवणाऱ्या बाईसाठीही कोणीतरी तशीच भाकर झाकून ठेवील, तेव्हा या परंपरेतील उणीव भरून निघेल.